जेसीबीनं दोन दिवसांत केलेला सायकलचा मातीचा ट्रॅक पावसाळ्यात टिकेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात युवक मंडळाला सायकलच्या उड्यांसाठी मातीचा ट्रॅक करायचा आहे. ओढ्याकाठची पड जागा बघून ठेवली आहे. जेसीबीवाला दोन दिवसांत सगळं उभं करून देतो म्हणतोय. माती कुठली वापरावी, मापं काय ठेवावीत आणि पावसाळ्यात हे टिकेल का, असं तुम्ही विचारलंय.

जेसीबीवाला दोन दिवसांत मातीचे ढीग उभे करेल, आणि मृगाचा पाऊस आला की ते बसतील. बेळगाव तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला आमच्या पोरांचा असा ट्रॅक आहे आणि त्याच्या देखभालीत मी सुरुवातीपासून आहे. त्यावरून सांगतो, आधी तुमच्या मंडळातली किती पोरं आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी झारी आणि फावडं हातात धरतील ते बघा. त्यांना सांभाळता येईल तेवढाच ट्रॅक करा. खर्च, मापं, माती हे सगळं त्यानंतर.

जागेबद्दल आधी बोलतो, कारण ओढ्याकाठ म्हणालात तिथं मला थांबावं लागलं. बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात कसं पसरतं ते आपण दर पावसाळ्यात बघतो. तुमच्याकडं तर पाऊस आणखी जास्त. ओढा फुगल्यावर पाणी कुठपर्यंत येतं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा आणि त्या रेषेच्या बरंच वर जागा बघा. सपाट जागेपेक्षा किंचित उताराची चांगली. दर दहा फुटांना तीन इंच उतार असला तरी पाणी आपोआप निघून जातं आणि चढ करायला लागणारी मातीही वाचते.

जागा कुणाची आहे हे उतारा काढून बघा. गायरान असेल तर पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटा, अर्ज कन्नडमधून द्या, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. शाळेच्या मैदानाचा कोपरा मिळणार असेल तर एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीची, संमती लेखी घ्या. वनखात्याच्या हद्दीत फावडं लावू नका. खानापूरच्या पश्चिमेला बरंचसं रान वनखात्याचं आहे, भीमगड अभयारण्यही तिकडंच. ‘पड दिसतंय’ म्हणून खणायला गेलात तर पोरांवर गुन्हा दाखल होईल. कॅलिफोर्नियातल्या ॲप्टॉस गावात पोस्टाशेजारी नावाजलेले डर्ट जंप, म्हणजे मातीचे उडीचे चढ होते, जगभरचे सायकलस्वार तिथं यायचे. जागा मालकाची, तिथं बांधकाम ठरलं आणि 2015 साली ते सपाट झाले. पंचायतीत कुणी ‘हा कसला खेळ’ म्हणालं तर सांगा की बीएमएक्स रेसिंग, म्हणजे छोट्या सायकलींची उंचवट्यांवरची शर्यत, 2008 च्या बीजिंगपासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि आपल्याच उत्तर कर्नाटकात विजापूर-बागलकोटची पोरं सायकलिंगमध्ये नाव काढतात. आमच्याकडं हे ऐकल्यावर बैठकीतला सूर बदलला होता.

आता माती. ट्रॅकचं सगळं आयुष्य मातीत आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. आपल्या भागात दोन टोकं आहेत. खानापूर, जांबोटीकडं जांभ्याची तांबडी माती. तिच्यात खडे जास्त, चिकटपणा कमी. नुसत्या तिचा चढ केला तर वाळल्यावर वरचे खडे सुटतात आणि चाक घसरतं. पूर्वेला बैलहोंगल, गोकाककडं काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असली की टायरला गोळाच चिकटतो. निपाणी-चिकोडीकडचे कुणी हे वाचत असतील तर तुमच्याकडंही हीच अडचण. चढाला दोन्हींच्या मधली माती लागते.

ती ओळखायला प्रयोगशाळा नको. काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि झाकण लावून जोरात हलवा. मग बरणी हलवायची नाही. एक-दोन मिनिटांत वाळू आणि खडे तळाला बसतात, दोन-चार तासांत गाळ, आणि एक-दोन दिवसांनी सगळ्यात वर चिकणमातीचा थर. हा वरचा थर एकूण मातीच्या पाव ते तिसरा हिस्सा असेल तर माती कामाची. कमी असेल तर चिकणमाती मिसळायची. तुमचं भाग्य असं की खानापूर हे कुंभारांचं आणि कौलांचं गाव. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा तिथंच आहे. एखाद्या कुंभाराला किंवा वीटभट्टीवाल्याला जागेवर बोलवा. तो माती चिमटीत घेऊन सांगतो ते मोलाचं असतं. आम्ही तांबडी माती दोन भाग आणि भट्टीकडची चिकणमाती एक भाग असं मिश्रण चाळून वापरतो. वारुळाची माती चिकट असते म्हणून तिच्यामागं लागू नका. वारुळात साप असतो आणि नागपंचमीला बायका तिथं पूजेला येतात.

शेतातली वरची काळपट, मुळं आणि पालापाचोळा असलेली माती चढात घालायची नाही. ती कुजते आणि चढ आतून पोकळ होतो. पोटात दगड-मुरूम चालतो, पण ओंडके नकोत, तेही कुजतात. वरची फूटभर माती तेवढी चांगली असली की पुरे. गावात घराचा पाया खणला जात असेल तर मालकाशी बोलून ठेवा, भरावाला माती ट्रॉलीच्या भाड्यात मिळून जाते. धुम्मस केल्यावर मोकळी माती साधारण पाव हिश्श्यानं बसते, म्हणून हिशोब करताना साधारण तिसरा हिस्सा जास्त धरा.

थर सहा इंचांपेक्षा जाड नको. मुठीत दाबल्यावर माती लाडवासारखी वळली पाहिजे, फोडल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत आणि तळव्याला पाणी लागायला नको. एवढीच ओल हवी. धुम्मस मारा, चोपण्यानं चोपा, मग पुढचा थर घालण्याआधी पृष्ठभाग कुदळीनं ओरबाडून पाणी शिंपडा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. जेसीबी घ्या की, पण माती उचलायला आणि पसरायला. चढाला आकार हातानंच द्यायचा. चढ हवा त्यापेक्षा वीतभर मोठा करायचा, दाबायचा आणि मग फावड्यानं तासत आत यायचं. वरून माती थापून आकार दिला तर ती साल पहिल्याच महिन्यात निघते.

काय बांधायचं? पहिल्या वर्षी फक्त पंप ट्रॅक आणि एक छोटा टेबलटॉप. पंप ट्रॅक म्हणजे उंचवटे आणि वळणांची गोल वाट. तिच्यावर पॅडल न मारता, हातापायांनी सायकल दाबत आणि उचलत वेग घ्यायचा. उंचवटा एक फूट उंच असेल तर माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत साधारण दहा फूट ठेवा. वळणावरचा बांध तीन फूट उंच, आतून गोलाई असलेला. दहा वर्षांच्या पोरीपासून चाळिशीतल्या माणसापर्यंत सगळ्यांना तो चालतो, आणि साधी घरची सायकलही चालते. कॅरिअर आणि स्टँड तेवढं काढून ठेवायचं.

टेबलटॉप म्हणजे चढ, मधे सपाट माथा, मग उतार. उडी कमी पडली तर पोरगं माथ्यावर उतरतं, खड्ड्यात पडत नाही. दोन चढांच्या मधे मोकळी जागा ठेवलेली डबल पहिल्या वर्षी करू नका, पोरांनी कितीही गळ घातली तरी. सुरुवातीला चढ दोन फूट उंच, त्याची गोलाई साधारण सहा-सात फुटांत पसरलेली, माथा पाच फूट, आणि उतरण दहा फूट. उतरण चढापेक्षा लांब, सौम्य आणि रुंद ठेवा. सायकल ज्या तिरकस रेषेत खाली येते, त्याच रेषेत जमीन असली की गुडघ्यांना धक्का बसत नाही. सपाटावर आदळण्यानं जितकी हाडं मोडतात तितकी उंचीनं मोडत नाहीत. उतरल्यावर पुढं तीस फूट तरी मोकळं हवं, तिथं बाभूळ किंवा तारेचं कुंपण नको. एवढ्या टेबलटॉपला दोन ते तीन ब्रास माती लागते.

साध्या सायकलवर टेबलटॉपवरून उड्या मारू देऊ नका. हँडल जिथं फ्रेमला जोडलेलं असतं तिथला जोड अशा सायकलींचा तुटतो आणि पोरगं तोंडावर पडतं. त्यासाठी बीएमएक्स किंवा डर्ट जंपची सायकल हवी. मंडळानं एक घेतली आणि आळीपाळीनं वापरली तरी भागतं. हेल्मेटशिवाय कुणालाच सोडायचं नाही, सरपंचांच्या मुलालाही नाही.

आता पावसाळा. काम दसऱ्यानंतर काढा. जमिनीत ओल असते, पाणी वेगळं आणावं लागत नाही आणि पुढं आठ महिने खेळायला मिळतात. मे महिन्यात घाईनं बांधलं तर माती मुरायच्या आत पाऊस येतो. दोन उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात पाणी साचतं, ट्रॅक मरतो तो तिथून. प्रत्येक खळगा एका बाजूला उतरता ठेवा आणि बाहेरून चर काढा. चढांच्या बाजूंवर आणि पाठीवर हरळी लावा, तिची मुळं माती धरून ठेवतात. जूनच्या आत चढांच्या तोंडावर भाताचं पिंजर पसरून वर ताडपत्री बांधा. ताडपत्रीच्या कडेला मातीच्या पिशव्या ठेवा आणि पाणी चरात जाईल असं बघा. पावसात उघडीप मिळाली की पोरं सायकल घेऊन येतातच. त्यांना एकच खूण शिकवा, अंगठा दाबल्यावर ठसा उमटला तर आज खेळायचं नाही. ओल्या चढावर एक सायकल गेली की खोल चाकोरी पडते, आणि पुढचं पाणी तिच्यातूनच वाहतं.

म्हशींचंही बघा. पावसाळ्यात चरायला निघालेला कळप चढावरून गेला तर एका सकाळीत महिन्याचं काम जातं. आम्ही वाटेच्या बाजूनं काटेरी झुडपांचं कुंपण केलंय आणि गुराख्यांना वेगळी पायवाट सोडलीय. त्यांच्याशी भांडून काही साधत नाही, ती जागा आपल्या आधीपासून त्यांच्या वापरातली असते. मोटारसायकलींसाठी मात्र प्रवेशावर दगडी खांब रोवा, सायकलचं हँडल आडवं करून जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर. मोटारसायकल दोनदा जरी उडाली तरी चढाचं तोंड फुटतं.

माझ्या मते सगळ्यात अवघड काम माणसं टिकवायचं आहे. परदेशात जुन्या ट्रॅकवर नियम असतो, जो खणत नाही तो उडी मारत नाही. आपल्याला तो नवा नाही. तालमीत हौदा कोण खणतं? ज्याला कुस्ती खेळायची तोच. माती उकरायची, तेल-ताक-हळद घालायची, मग लंगोट. आमच्या ट्रॅकवर हाच रिवाज लावला. आल्यावर आधी झारीनं चढाच्या तोंडावर पाणी, खराट्यानं सुटे खडे बाजूला, कुठं फुटलं असेल तर तेवढा भाग चौकोनी कापून, ओला करून, नवी माती ठोकून भरायची. मग सायकल. शहरातून गाडी घेऊन आलेल्या पाहुण्यालाही झारी हातात देतो, आणि तो आनंदानं घेतो.

अडचण येते मार्च-एप्रिलमध्ये. एसएसएलसी आणि पीयूसीची, म्हणजे दहावी-बारावीची पोरं अभ्यासाला बसतात आणि नेमकं तेव्हाच ऊन वाढून चढांना भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणजे सातवी-आठवीच्या पोरांना डिसेंबरपासूनच धुम्मस आणि झारी शिकवून ठेवायची. वळवाचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी यायचं, ती ओल फुकटची असते आणि उन्हाळ्यातली दुरुस्ती तिच्यावरच भागते. मोठी पोरं पुढं भरतीला जातात, कुणी पुण्याला कामाला. त्यांच्या हातातली कला त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणून प्रत्येक चढ कुणी, कुठल्या मातीनं, कधी दुरुस्त केला ते वहीत लिहून ठेवा. फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा आणि मंडळात दोन्ही घरांतली पोरं घ्या. आमच्या ट्रॅकवर कन्नड शाळेतली पोरं आल्यापासून झारी धरणारे हात दुप्पट झाले.

खर्चाचं म्हणाल तर चार गोष्टींना पैसे लागतात: जेसीबीचे तास, मातीच्या ट्रॉल्या, ताडपत्री आणि हेल्मेट. जेसीबीत वाचवा, हेल्मेटमध्ये वाचवू नका. जेसीबीवाल्याला आत्ताच आगाऊ रक्कम देऊ नका. आधी जागेवरच्या मातीची बरणी भरून ठेवा. दोन दिवसांनी थर कसे बसले त्याचा फोटो इथं टाका, जागेची लांबी-रुंदी आणि उतार कुठल्या दिशेला आहे ते लिहा. त्यावरून किती उंचवटे बसतील आणि वळण कुठं घ्यायचं ते आखून देतो.