ऊर्जासाठवणुकीच्या प्रदर्शनात बॅटरीच्या स्टॉलवर नेमकं काय विचारायचं?

माहितीपत्रकावर ‘६००० सायकल’ (म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या इतक्या फेऱ्या) छापलेलं दिसलं की लगेच विचारा: कोणत्या तापमानाला, किती सी-रेटला (क्षमतेच्या तुलनेत चार्ज-डिस्चार्जचा वेग; १ सी म्हणजे तासाभरात पूर्ण), दर फेरीला किती टक्के डिस्चार्जवर आणि शेवटी क्षमता किती उरेपर्यंत? २५ अंश आणि ०.५ सी वरचा आकडा ४० अंशांना टिकत नाही, कारण उष्णतेने सेलमधल्या नको असलेल्या रासायनिक अभिक्रिया वेगावतात. ही चार उत्तरं मिळाली नाहीत तर तो आकडा निरुपयोगी समजा.

मग वापरण्याजोगी क्षमता. १०० किलोवॅट-तासांची बॅटरी ९० टक्केच डिस्चार्ज करायची असेल आणि आयुष्याच्या शेवटी ८० टक्के क्षमता उरणार असेल, तर तेव्हा हातात ७२ किलोवॅट-तास येतात. खरेदीचं गणित यावरच मांडा.

कार्यक्षमता, म्हणजे साठवलेल्या विजेपैकी किती परत मिळते, ती डीसी (बॅटरीच्या) बाजूची सांगतात की एसी (ग्रिडच्या)? इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि कूलिंगमध्ये जाणारी वीज धरली की आकडा बराच उतरतो.

यूएल ९५४०ए (यूएल ही अमेरिकेतली सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) हे प्रमाणपत्र नव्हे, सेल बेसुमार तापल्यावर आग कशी पसरते याची चाचणीपद्धत आहे. त्यामुळे ‘पास’ ऐकून थांबू नका. सेल, मॉड्यूल आणि युनिट पातळीचे अहवाल मागा. तुम्ही घेणार तेच मॉडेल त्यात आहे ना, हेही पाहा.

बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी नियंत्रण यंत्रणा) इन्व्हर्टरशी मॉडबस किंवा कॅन या संदेशपद्धतींनी बोलते; त्यातली कोणती माहिती कुठे असते याचा तक्ता, म्हणजे रजिस्टर-नकाशाही तिथेच मागून घ्या. बीएमएस इन्व्हर्टरशी न जुळणं हा जोडणीतला नेहमीचा अडथळा.