मथळा बदलला म्हणून चिडण्याआधी

हॅकर न्यूजवर, म्हणजे तंत्रज्ञानाच्या लेखांचे दुवे देऊन त्यांवर चर्चा करायच्या संकेतस्थळावर, तुम्ही दिलेला लेख चांगलाच होता, तिथे त्याचा मथळा बदलला गेला ते मनाला लावून घेऊ नका. तिथला नियम ऐकायला साधा आहे: मूळ मथळा जसाच्या तसा द्यायचा, तो दिशाभूल करणारा किंवा निव्वळ क्लिकसाठी असेल तरच बदलायचा. सगळी भांडणं या 'तरच'वर होतात.

समजा, लेखकानेच 'अमुक प्रोग्रामिंग भाषा संपली' असा मथळा दिलाय आणि आत फक्त एका कंपनीने ती भाषा सोडल्याची हकीकत आहे. मूळ मथळा ठेवला तर लोक लेख न उघडताच तलवारी उपसतात. बदलला तर लेखकाच्या तोंडी आपले शब्द घातल्याचा आरोप. अशा वेळी मी लेखातलंच उपशीर्षक किंवा सुरुवातीचं एखादं नेमकं वाक्य उचलतो. शब्द लेखकाचेच राहतात, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

'अखेर', 'धक्कादायक' असलं काही स्वतःहून घुसडू नका. मत प्रतिसादात लिहा. तिथे ते इतरांच्या मतांइतकंच मोठं असतं.

बाकी किरकोळ. मर्यादा ८० अक्षरांची. 'अमुक करण्याचे १० मार्ग'मधला १० काढायचा. जुन्या लेखापुढे कंसात वर्ष मात्र हवंच, नाहीतर २०१२ सालची सुरक्षा त्रुटी आजची समजून लोक धावपळ करतात (हसू नका, करतात).

दुसऱ्याचा मथळा खटकला तर चर्चेत वाद न घालता नियामकांना (मॉडरेटरना) सरळ ईमेल करा, आणि सोबत पर्यायी मथळाही सुचवा.