बुंदीला रविवारी न्यायला येणार आहेत

ताई,

मी विलेपार्ल्याची, वय ५८. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. जुलैत अंधेरी सबवेत पाणी भरलं त्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या रेस्क्यू ग्रुपला तिथल्या फुटपाथवर एक कुत्री सापडली. मागचा पाय मोडलेला. ऑपरेशन होऊन प्लेट बसली आणि "फक्त पंधरा दिवस सांभाळ" म्हणत मैत्रिणीने तिला आमच्याकडे आणून सोडलं. अंगभर पिवळट ठिपके, म्हणून तिचं नाव बुंदी. पंधरा दिवसांचे साडेचार महिने झाले. आता ती जिने चढते, माझ्या पलंगाखाली झोपते, कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसते.

तिच्यासाठी आजवर चार घरं आली. तीन मीच नाकारली. एकाकडे दीड महिन्याचं बाळ होतं. दुसरे दोघे तरुण मुलगे, भाड्याच्या घरात राहणारे. तिसऱ्या बाई फार मोठ्याने बोलत होत्या. चौथं घर ठाण्याला, घोडबंदर रोडवर. नवरा मराठी, बायको भोपाळची, नऊ वर्षांचा मुलगा. घरात हिंदी बोलतात. तीनदा भेटून गेले. मुलगा गप्प जमिनीवर बसून राहिला आणि बुंदी आपणहून त्याच्याजवळ गेली. खोट काढायला जागा नाही. सतराव्या मजल्यावर राहतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी कटकट करतील की काय, एवढीच शंका.

रविवारी न्यायला येणार आहेत. मला झोप नाही. मुलीच्या पाठवणीला रडले नव्हते इतकी रडते आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात, बुंदी दोनदा त्यांच्या पायात आली. मार्चमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मला सहा महिने बंगळूरला जायचं आहे. ह्यांना काही वाटतच नाही. पहाटे साडेपाचला तिला फिरवून आणतात, पेपर उघडतात आणि "तू ठरव" म्हणतात. मैत्रीण म्हणते, एवढं जड जातंय तर ठेवून घे. शेजारी म्हणतात, खाली सोसायटीत सोडा, सगळे मिळून खायला घालू. ती मला विसरेल का? मी तिला फसवते आहे का?

अस्वस्थ पार्लेकर

*

पार्लेकर ताई,

बुंदीला रविवारी जाऊ द्या.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना माझेही डोळे भरून आले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं, की उत्तर तुम्हीच दोन ओळींत लिहिलंय आणि तिथे न थांबता पुढे गेला आहात. सासूबाईंचा वॉकर आणि मार्चमधलं बंगळूर. त्या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं की घराचं काय होतं हे आपल्या पिढीने जवळून पाहिलंय. बुंदी दोनदा पायात आली, तिसऱ्यांदा येणार नाही याची हमी ती बिचारी कशी देणार? आणि मार्चमध्ये ती कुठे राहील? सहा महिने बोर्डिंगमध्ये? की आणखी कुणाच्या घरी? आज ठेवून घेतलीत तर घर बदलणं टळत नाही, ते मार्चपर्यंत पुढे जातं. तोवर ती तुमच्यात आणखी गुंतलेली असेल, आणि हा जमिनीवर बसून राहणारा मुलगा दुसरा कुणी कुत्रा घरी घेऊन गेलेला असेल.

मैत्रिणीचा सल्ला मायेचा आहे, पण तो मानू नका. जड जातंय हे कुत्रं ठेवून घ्यायचं कारण होऊ शकत नाही. जड तर जाणारच.

तुम्ही नाकारलेल्या तीन घरांबद्दल. पहिला नकार योग्य होता. दीड महिन्याच्या बाळाच्या आईला स्वतः जेवायची फुरसत नसते, तिथे पायात प्लेट असलेली कुत्री नको. दुसऱ्या घरावर मात्र अन्याय झाला असं मला वाटतं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी मागायची, दोघांपैकी एक शहर सोडून गेला तर कुत्री कुणाची हे विचारायचं, दिवसभर घरी कोण असतं ते विचारायचं. तुम्ही बहुधा काहीच विचारलं नाहीत, वय पाहून दार लावलंत. अशाच तरुण मुलांनी म्हाताऱ्या, आंधळ्या कुत्र्यांना शेवटपर्यंत सांभाळलेलं मी पाहिलंय. आणि तिसऱ्या बाईंच्या आवाजाबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. तोवर बुंदी तुमची झाली होती, आणि आता येणारं कुठलंही घर कमीच पडणार होतं.

शेजाऱ्यांचं ऐकू नका, हे जरा ठामपणे सांगते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी केल्यावर त्यांना साधारणपणे जिथून उचललं तिथेच परत सोडावं लागतं, काही अपवाद सोडले तर नियमच तसा आहे. कारण ती त्यांची ओळखीची हद्द असते. बुंदीची हद्द कुठली? अंधेरीचा सबवे. तुमच्या फाटकाशी आधीपासून राहणारी कुत्री या लंगड्या पाहुणीला स्वीकारतीलच असं नाही. साडेचार महिने पलंगाखाली झोपलेल्या जिवाला जिन्याखाली ठेवायचं आणि वर जाऊन दार लावून घ्यायचं, हे तुमच्याने होणारही नाही. "सगळे मिळून" खायला घालणारे पहिल्या जोरदार पावसात किती उरतात ते तुम्हीही पाहिलं असेल. जनावर उपाशीतापाशी राहील अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

सेक्रेटरींची काळजी सोडा. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं केंद्राच्या पशु कल्याण मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. त्याची एक प्रत बुंदीच्या फायलीत घालून द्या.

आता पाठवणीचं. ताई, हा शब्द मनातून काढा. तुमच्या लेकीला कुठे जायचंय ते माहीत होतं, तिने ते स्वतः ठरवलं होतं, आणि रात्री ती फोन करू शकत होती. बुंदीला यातलं काहीच नाही. रविवारी तिच्यासाठी एवढंच घडेल, की ती गाडीत बसली आणि सकाळ झाली तेव्हा सगळे वास वेगळे होते. म्हणून पाठवणीसारखा सोहळा करू नका. गळ्यात पडून रडणं, शेजाऱ्यांनी जिन्यात गोळा होणं, तुमच्या हुंदक्यांनी तिचं घाबरं होणं, हे काही नको. रडायचं असेल तर शनिवारी रात्री, तिला झोप लागल्यावर रडा.

विसरेल का, विचारलंत. नाही विसरणार. डार्विनने आपल्या कुत्र्याबद्दल लिहून ठेवलंय: पाच वर्षं आणि दोन दिवसांनी तो परतला, तबेल्यापाशी जाऊन जुन्या सवयीने हाक मारली, आणि कुत्रा अर्ध्या तासापूर्वीच निरोप घेतल्यासारखा त्याच्या मागून फिरायला निघाला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्या कुत्र्याने मधली पाच वर्षं दारात झुरत काढली नाहीत. तो त्याचं जगत होता आणि ओळखही शिल्लक होती. बुंदीचंही असंच होऊ दे असं मला मनापासून वाटतं.

मात्र यासाठी हे चार-पाच दिवस नीट कारणी लावायला हवेत. सांगते काय काय करायचं ते.

तिची चादर धुऊ नका. तुम्हाला वाटेल, नव्या घरी मळकी चादर कशी द्यायची. तशीच द्या. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात १२ कुत्र्यांना स्कॅनरमध्ये वेगवेगळे वास देऊन पाहिलं होतं. मेंदूतला आनंदाची चाहूल लागल्यावर जागा होणारा भाग सगळ्यात जास्त जागा झाला तो घरच्या माणसाच्या वासाने, आणि ते माणूस तिथे हजरही नव्हतं. सतराव्या मजल्यावरच्या पहिल्या रात्री ती मळकी चादरच तिची सोबत असेल.

तुमच्या पत्रावरून इमारत जुनी, बिनलिफ्टची वाटते. तसं असेल तर आजपासून रोज कुणा ओळखीच्यांच्या इमारतीत जाऊन तिला लिफ्टमध्ये बसवा. आधी दार उघडं ठेवून नुसतं आत-बाहेर, मग एक मजला. नव्या इमारतींत गुळगुळीत टाइल्स असतात, त्यावर प्लेटचा पाय घसरतो. तिच्या वाटेवर जाड सतरंज्या किंवा रबरी मॅट टाकायला त्यांना सांगा. बाल्कनीच्या गजांमधून तिचं डोकं जातं का ते मोजायला सांगा, जात असेल तर जाळी लावल्याशिवाय तिला तिथे एकटी सोडायची नाही.

भाषेचाही एक घोळ होईल. तुम्ही तिला "बस" म्हणालात की ती बसत असणार. त्यांच्या घरात "बस" म्हणजे पुरे. भोपाळच्या त्या सुनबाई भांडी घासताना कुणालातरी "बस, बस" म्हणतील आणि बुंदी मधेच फतकल मारून बसेल. मुलाला तुमचे शब्द लिहून द्या: बस, थांब, सोड, चल खाली. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम फार आवडेल.

तिचं एक पान लिहा, अगदी बारीकसारीक. ती छत्रीला घाबरते का, हेल्मेटवाल्या माणसावर भुंकते का, पोट बिघडलं की काय खाते. सध्याचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं बांधून द्या आणि नवीन खाणं त्यात हळूहळू मिसळायला सांगा. कांदा, लसूण, चॉकलेट आणि शिऱ्यातले बेदाणे देऊ नका, हेही लिहा. प्रेमाने प्रसाद भरवणारी आजी प्रत्येक घरात येते. लसींचं पुस्तक, एक्स-रे, नसबंदीचा कागद एकत्र ठेवा. दत्तकपत्रात एक ओळ असायलाच हवी: काही कारणाने सांभाळणं जमलं नाही, तर बुंदी परस्पर दुसऱ्या कुणाला न देता ग्रुपकडेच परत येईल.

आता पट्ट्याबद्दल, आणि इथे मला माझी चूक सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातून आणलेला एक पांढरा कुत्रा मी दोन महिने सांभाळला आणि डोंबिवलीच्या एका चांगल्या कुटुंबाला दिला. नव्या घरी जातोय म्हणून मी हौसेने नवा लाल पट्टा आणला. तो सैल होता. दुसऱ्या संध्याकाळी रस्त्यात फटाका वाजला, त्याने मान मागे खेचली आणि रिकामा पट्टा त्या माणसाच्या हातात राहिला. तीन दिवस आम्ही रेल्वे रुळांच्या कडेने हाका मारत फिरलो. चौथ्या दिवशी ठाकुर्लीजवळ एका भाजीवालीच्या हातगाडीखाली तो सापडला, तिने त्याला पाव खाऊ घातला होता. तो वाचला. पण ते तीन दिवस माझ्यामुळे होते, त्या कुटुंबामुळे नव्हते. नव्या घरातले पहिले दिवस कुत्र्याला पळून जायची ओढ सगळ्यात जास्त असते, आणि पळून जाऊन गाठायला ओळखीचं काही जवळ नसतं. म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस आणि गळ्यात पट्टा, दोन्हीला वेगवेगळी दोरी, निदान महिनाभर. पट्ट्याच्या बिल्ल्यावर त्यांचा फोन नंबर आणि तुमचाही. एकतीस डिसेंबर जवळ आलाय, त्या रात्री फटाके सुरू व्हायच्या आत तिला फिरवून आणायचं आणि खिडक्या लावून घ्यायच्या, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

पहिले काही दिवस ती जेवणार नाही कदाचित. कोपऱ्यात बसेल. नवी मंडळी घाबरून तुम्हाला फोन करतील आणि तुमच्या मनात येईल, "बघा, मी म्हटलं होतं." तेव्हा त्यांना धीर द्या. रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस भेदरलेली, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळलेली, तीन महिन्यांत घरची झालेली. पहिला महिना भेटायला जाऊ नका. व्हिडिओ कॉलवर तिला हाकही मारू नका, आवाज येतो आणि माणूस येत नाही हे तिला कळणार नाही. फोटो मागवा, हवे तितके.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ती चादर, ते पान, ते दुहेरी पट्टे म्हणजे तुमची तुपाची वाटी आहे, ताई. तुम्ही तिला फसवत नाही आहात.

आणि तुमच्या यजमानांबद्दल. "ह्यांना काही वाटतच नाही" असं लिहिलंत, आणि त्याच्याच पुढच्या वाक्यात लिहिलंत की पहाटे साडेपाचला तिला तेच फिरवून आणतात. साडेचार महिने, भर पावसाळ्यातही. ज्याला काही वाटत नाही तो माणूस पावसात छत्री घेऊन लंगड्या कुत्रीच्या चालीने चालत नाही. पेपर उघडा असतो, वाचत असतील असं मला वाटत नाही. आज संध्याकाळी सासूबाई झोपल्या की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्ही दोघं सकाळी कुठल्या रस्त्याने जाता? तेवढंच विचारा, बाकीचं ते सांगतील.

रविवारी तिला खाली गाडीपर्यंत नेताना दोरी त्यांच्या हातात द्या. सोमवारी साडेपाचला त्यांना जाग येईलच, तेव्हा तुम्हीही उठा, चपला घाला आणि त्यांच्याबरोबर त्याच रस्त्याने फिरून या.

तुमची,
ताई