पहिल्या ओळीत काय लिहायचं

बेटा,

तुझा इंटर्नशिपचा रिपोर्ट वाचला. आधी कंपनीची माहिती, मग पंपाची सगळी थिअरी, आणि बेअरिंग गरम होऊन राहिलं ही खरी गोष्ट पार शेवटी. कॉलेजात हे चालते कारण सरांना उत्तर माहीतच असते, तुला येते का एवढंच ते बघतात. नागपूरजवळच्या बुटीबोरीत नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत वाचणाऱ्याला काहीच माहीत नसते, तुझ्या कागदावरून मशीन चालू ठेवायची का बंद करायची हे त्याला ठरवायचं असते.

कल्पना चावला ज्यात गेली ते कोलंबिया यान आठव. उडताना फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागला होता, यान वर असतानाच इंजिनिअर लोकांनी किती नुकसान झालं असेल याचा जुन्या टेस्टवरून हिशोब करून स्लाइडी दाखवल्या. एका स्लाइडचं हेडिंग वाचून वाटावं की सगळं सेफ आहे, आणि त्याच स्लाइडवर एकदम खाली, की टेस्टमधला तुकडा 3 घन इंचाचा होता आणि खरा लागलेला अंदाजे 1920 चा. सहाशे पटीहून मोठा! म्हणजे त्या टेस्टवर विसंबायलाच नको होतं. 1 फेब्रुवारी 2003 ला सातही जण गेले. कारणं बरीच होती, एका स्लाइडमुळे झालं असं नाही, पण चौकशी समितीने आपल्या रिपोर्टमध्ये त्या स्लाइडवर वेगळं पान लिहिलं. ते नक्की वाच.

लॉगबुकात "आवाज येतो, लक्ष द्यावे" असं कधी लिहू नको. पुढच्या शिफ्टवाल्याने काय समजायचं? असं लिही: फीड पंप 2, मोटरकडचं बेअरिंग, सकाळी 8 ला 65 डिग्री, दुपारी 2 ला 78, ग्रीस दिलं, फरक नाही, 4 वाजता परत बघा, मॅन्युअलच्या लिमिटवर गेलं तर स्टँडबाय (राखीव पंप) घ्या. आणि बाहेरचं टेम्परेचर पण टाक, आपल्याकडे मे मध्ये 45 असते, ते माहीत नसेल तर त्या 78 चा अर्थच लागत नाही.

इंग्रजीचं टेन्शन घेऊन राहिलास ते सोड. फिटरला मराठीत कसं सांगशील तसं आधी लिहून काढ, मग इंग्रजीत कर, छोटी वाक्यं, आणि कोणी केलं ते नावानिशी. "असे आढळून आले" म्हणजे कोणाला आढळलं?

बेअरिंगचं तेवढं एका पानात परत लिहून रविवारी पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.