घरच्या मालासाठी मोठी पिकअप घ्यावी का?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमचं चार एकर डाळिंब आणि तीन एकर कांदा आहे. सोलापूर मार्केट यार्डात वर्षाला 40 फेऱ्या होतात, एका फेरीचं भाडं 2500 रुपये. 1700 किलो वजन वाहणारी नवी पिकअप 10 लाखांना पडते. घ्यावी का?

उत्तर : नुसत्या घरच्या मालासाठी घेऊ नका. 2 लाख डाउन पेमेंट आणि 8 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 17 हजारांच्या आसपास बसतो. विमा, टॅक्स, पासिंग मिळून वर्षाला 45 हजार धरा. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला गेली, तरी ती नुसती दारात उभी ठेवायचा खर्च वर्षाला 1 लाख 89 हजार होतो. आज तुमचं भाडं जातं 1 लाख!

जाऊन-येऊन 80 किमी आणि भरली-रिकामी मिळून 12चं ॲव्हरेज धरलं, तर डिझेल, टायर, ऑईल मिळून फेरीला 700 रुपये लागतात. सावळेश्वरचा टोल वेगळा. म्हणजे फेरीमागे वाचतात 1800, आणि गाडी अंगावर पडू नये म्हणून वर्षाला 105 फेऱ्या हव्यात. उरलेल्या 65 फेऱ्यांचं भाडं कुणाचं, हे आधी ठरवा. परतीला खत, पेंड, सिमेंट मिळत असेल तर गणित जुळतं. कांद्याच्या हंगामात भाडं कुणालाही मिळतं. प्रश्न एप्रिल-मे महिन्यांचा आहे. हप्ता तेव्हाही चुकत नाही.

आता 1700 किलोचं. त्यात ड्रायव्हर, शेजारी बसणारा आणि तुम्ही बसवणार ती लोखंडी जाळीही धरतात. ते 250 किलो वजा केले, तर 50 किलोच्या 28-29 गोण्याच बसतात. लोक 45 भरतात. मग पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात, सेंटर बोल्ट तुटतो, मागचा एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. जादा पाटा टाकून गाडी उंच होते. ब्रेक तेच राहतात आणि आरसी बुकातलं वजनही तेच. ओव्हरलोडचा दंड 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार.

डाळिंबाचं उलटं. 40 क्रेट म्हणजे जेमतेम 800 किलो. एवढ्या वजनाला मोठ्या गाडीचे कडक पाटे दबतच नाहीत, गाडी उडते आणि मागच्या क्रेटमधल्या फळांना मार लागतो. क्रेट केबिनला टेकवून घट्ट बांधावेत, एक्सलच्या मागे कमीत कमी ठेवावेत. भाड्याची खात्री नसेल तर 1300 किलोची गाडी तुम्हाला पुरते.

प्रश्न : कारच्या लायसन्सवर पिकअप चालवता येते का? परमिट लागतं का? (बार्शी)

उत्तर : चालवता येते. एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. परमिट मात्र मालासह एकूण वजन 3000 किलोच्या वर असेल तरच लागतं, म्हणून बुकिंगआधी जीव्हीडब्ल्यूचा, म्हणजे या एकूण वजनाचा आकडा बघा. कांदा काढणीला मजूर मागे बसवून नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या गळ्यात पडते.