उल्मचं चर्च पुरं व्हायला पाचशे वर्षं का लागली?

जर्मनीतल्या उल्मच्या चर्चचा पाया 1377 साली घातला आणि मनोरा पुरा झाला 1890 साली. मधे एवढा काळ का गेला, असं तुम्ही विचारलंय. पैसा आटला, धर्मसुधारणा (प्रोटेस्टंट पंथाची चळवळ) आली, ही उत्तरं बरोबरच आहेत. पण माझ्या मते मूळ दुखणं बांधकामातच होतं.

हे बिशपचं कॅथेड्रल नव्हे, शहराचं पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक लोकांचं रोजच्या उपासनेचं चर्च. जुनं चर्च तटाबाहेर होतं. 1376 साली सम्राट चौथ्या कार्लने वेढा घातला, तेव्हा तिथवर जाणंही जिवावरचं झालं. म्हणून नागरिकांनी स्वतःच्या पैशाने तटाच्या आत नवं चर्च बांधायला घेतलं. आधीचा बेत तीन सारख्या रुंदीच्या दालनांचा होता. 1392 साली स्थपती उलरिख फॉन एन्सिंगन आला, त्याने मधलं दालन खूप उंच नेलं आणि पश्चिमेला प्रचंड मनोऱ्याचा घाट घातला. बाजूची दालनं मात्र तेवढीच रुंद राहिली. त्यांच्या छताचा रेटा भिंतींना झेपेना.

1492च्या सुमाराला मनोऱ्याखालच्या छतातून दगड निखळून पडले. स्थपती ब्योब्लिंगरला शहर सोडावं लागलं. ऑग्सबुर्गहून बोलावलेल्या बुर्कहार्ड एंगेलबेर्गने मनोऱ्याचा पाया भक्कम केला आणि बाजूच्या प्रत्येक दालनाच्या मधोमध सडपातळ गोल खांबांची रांग उभी केली. कमानींचा पल्ला निम्मा झाला, रेटा कमी झाला, आणि तीन दालनांची पाच झाली. हे खांब म्हणजे निव्वळ डागडुजी, पण मला सगळ्या चर्चमध्ये तेच सर्वांत देखणे वाटतात. वरचं जाळीदार छत त्यांच्यावर अगदी अलगद टेकलंय.

1530 साली नागरिकांनी मतदान करून प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. 1543 साली काम थांबलं, तेव्हा मनोरा सुमारे 100 मीटरवर होता. 1844 साली पुन्हा हात घातला, तोही आधी इमारत सावरण्यासाठी: मधल्या दालनाला बाहेरून आधारकमानी दिल्या. त्यानंतर मनोरा 161.53 मीटरपर्यंत गेला. 2025 साली बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत जगात याहून उंच चर्च नव्हतं.

तुम्ही गेलात तर 768 पायऱ्या चढण्याआधी योर्ग सिर्लिनने 1469 ते 1474 दरम्यान घडवलेली लाकडी आसनं जरूर बघा. चर्चच्या आत पायथागोरस आणि सिसेरो हे ख्रिस्ताआधीचे विचारवंत कोरलेत त्याने!