कर्नेलमधली ‘कुकी’: बिल्ला म्हणावं की नंबर?

प्रश्न: लिनक्स कर्नेलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) डीएमए ड्रायव्हरांवर, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरच्या ड्रायव्हरांवर, मराठीत टिपण लिहितोय. त्यात ‘कुकी’ हा शब्द सारखा येतो. ब्राउझरच्या कुकीशी त्याचा संबंध आहे का? मराठीत ‘बिल्ला’ चालेल का?

संबंध आहे, पण चुलत नात्याचा. युनिक्सवाल्यांत ‘मॅजिक कुकी’ जुनी. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेली खूण. घेणाऱ्याने तिचा अर्थ लावायचा नाही, नुसती परत दाखवायची. ब्राउझरच्या कुकीने १९९४ मध्ये नाव तिथूनच घेतलं. एवढ्यापुरता ‘बिल्ला’ फर्मास आहे.

पण डीएमएच्या कुकीला आतून बघा. डेटा हलवायचं काम रांगेत लावलं की ड्रायव्हर तुमच्या हातात एक पूर्णांक ठेवतो: मागच्या कुकीत एक मिळवून. आकडा वाढत वाढत साठवायची मर्यादा ओलांडून ऋण बाजूला उलटला तर पुन्हा १ पासून, कारण ऋण आकडा चुकीसाठी राखलेला. काम झालं की तो आकडा चॅनेलवर (डेटा हलवायच्या त्या मार्गावर) ‘इथवर पुरं’ म्हणून नोंदवायचा. ‘माझं झालं का?’ याचं उत्तर तुमचा आकडा चॅनेलवरच्या आकड्यांशी ताडून निघतं. म्हणजे इथे क्रम महत्त्वाचा, आणि बिल्ल्याला क्रम नसतो. म्हणून मी ‘नंबर’ म्हणेन. (पहिल्या उल्लेखात ‘टोकन नंबर’ लिहा; नुसत्या ‘नंबर’ने घोटाळा होईल, कारण इंटरप्टलाही, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेलाही, नंबर असतोच.)

या शब्दाबरोबर क्रियापदं फुकट मिळतात. पूर्वी ही आकडेमोड प्रत्येक ड्रायव्हरात वेगळी उतरवलेली असे. २०१२ मध्ये कर्नेल डेव्हलपर रसेल किंग यांनी ती उचलून सामाईक फंक्शनांत ठेवली आणि ड्रायव्हर सुटसुटीत झाले. त्यातली असाइन, कम्प्लीट, स्टेटस ही तीन घ्या: नंबर देणं, नंबर उरकणं, नंबर कुठवर आला ते पाहणं. ‘बिल्ला कुठवर आला’ असं कोणी म्हणेल का?

आणखी एक. काम ‘सबमिट’ केलं म्हणजे सुरू झालं, असा नवख्यांचा हमखास गैरसमज होतो. ते सुरू होतं ‘इश्यू पेंडिंग’ केल्यावर, म्हणजे रांगेतली कामं चालू करायला वेगळं सांगितल्यावर. ‘सबमिट’ला ‘नंबर लावणं’ म्हटलं की घोळच मिटतो. नंबर लावला म्हणजे नंबर लागला असं मराठीत कोणी समजत नाही.

अपवाद सांगायला हवा. काही डीएमए कंट्रोलर (डेटा हलवणाऱ्या चिपा) कामं क्रमाने पुरी करतील याची हमी देत नाहीत. तिथे आकड्यांची तुलना निरर्थक, आणि ड्रायव्हर तसं स्पष्ट कळवतो. तेवढ्या परिच्छेदात तुमचा बिल्ला खुशाल वापरा.